डिजिटल प्लेअर पियानो आणि घरचा संगीतसाठा: जोडणी, फाइल आणि जतन

वादकाविना वाजणारा पियानो ही नवलाई आता सव्वाशे वर्षांहून जुनी झाली आहे. बदलत गेले ते त्याला संगीत पुरवण्याचे साधन. आधी छिद्रे पाडलेला कागद होता, नंतर फ्लॉपी आली, मग सीडी. आता हे काम घरच्या राउटरला जोडलेल्या, जाडजूड पुस्तकाएवढ्या साठवणपेटीकडे आले आहे. ‘नेटवर्क स्टोरेज’ अथवा ‘नॅस’ या नावाने ती ओळखली जाते. पियानो या पेटीला जोडला की शेकडो रचना एका स्पर्शात वाजू लागतील, अशी घेणाऱ्याची स्वाभाविक अपेक्षा असते. ती बहुधा पूर्ण होते. फक्त पहिल्याच दिवशी नाही. अडचण सहसा तारेत नसते, फाइलमध्ये आणि दोन यंत्रांच्या वयातील अंतरात असते.

डिजिटल पियानो आणि डिजिटल प्लेअर पियानो या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्यात आवाज इलेक्ट्रॉनिक असतो व तो स्पीकरमधून येतो. दुसरा म्हणजे तारा, हातोड्या आणि लाकडी ध्वनिफलक असलेला नेहमीचा पियानो. त्याच्या ८८ पट्ट्यांपैकी प्रत्येकीखाली एक सोलेनॉइड, म्हणजे विजेने हलणारी छोटी दांडी, बसवलेली असते. पायपट्ट्यांसाठीही तशीच व्यवस्था असते. नियंत्रक संगणक फाइलमधील सूचना वाचतो, त्या त्या सोलेनॉइडला योग्य क्षणी योग्य जोराने चालना देतो आणि हातोडी तारेवर आपटते. आवाज साठवलेला नसतो. साठवलेली असते ती वादनाची कृती. पुढील बहुतेक गोष्टींचा उलगडा या एका फरकातून होतो.

कागदापासून फाइलपर्यंत

अमेरिकेत एडविन व्होटी यांनी १८९५ च्या सुमारास ‘पियानोला’ घडवला आणि एओलियन कंपनीने तो घरोघरी नेला. हवेच्या दाबावर चालणाऱ्या या यंत्रात कागदाच्या गुंडाळीवरील प्रत्येक छिद्र एक स्वर वाजवत असे. १९०४ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे एडविन वेल्टे आणि कार्ल बॉकिश यांनी ‘वेल्टे-मिन्यॉन’ ही पद्धत आणली. तिच्यात स्वरांबरोबर वादकाचा जोर आणि पायपट्टीचा वापरही नोंदवला जाई. क्लोद डेब्युसी यांच्यासारख्या संगीतकारांचे वादन त्यामुळे गुंडाळ्यांवर राहिले.

अडचण होती ती प्रत्येक कारखान्याच्या वेगळ्या मापांची. एका कंपनीची गुंडाळी दुसऱ्या कंपनीच्या पियानोत बसत नसे. १९०८ च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे उत्पादक एकत्र आले आणि सव्वाअकरा इंच रुंदी, इंचाला नऊ छिद्रे व ८८ स्वर हे माप ठरले. ग्राहकाकडचा संग्रह त्याच्या यंत्रापासून मोकळा झाला तो या बैठकीमुळे.

असाच करार पुन्हा एकदा करावा लागला. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतील संगीत-व्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्स आणि रोलँड या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखवण्यात आली आणि ‘मिडी’ ही समाईक भाषा सुरू झाली. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना याच कामासाठी २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळाले. मिडीमधील सूचना फाइलमध्ये ठेवण्याचा नमुना, म्हणजे ‘स्टँडर्ड मिडी फाइल’, १९८८ मध्ये मान्य झाला. यामाहाचा ‘डिस्क्लाव्हिअर’ १९८७ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आला तो फ्लॉपी घेऊन. २००४ च्या ‘मार्क फोर’ मालिकेत अंगचीच हार्ड डिस्क आणि नेटवर्कची सोय आली. स्टाइनवे कंपनीने २०१५ मध्ये ‘स्पिरिओ’ आणला आणि संग्रह टॅबलेटवरील अॅपमधून पुरवला. पियानोडिस्क आणि क्यूआरएस या कंपन्या साध्या पियानोलाही अशी यंत्रणा बसवून देतात.

साठा किती, कशाचा

जागेची चिंता करण्याचे कारण नाही. सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट व्यापतो. मिडी फाइलमध्ये एका स्वराला सुरुवात आणि शेवट धरून साधारण आठ बाइट पुरतात. तीन हजार स्वरांची रचना चोवीस-पंचवीस किलोबाइटांत मावते. पायपट्टीच्या सूक्ष्म नोंदी धरल्या तरी आकडा शेकड्याच्या आसपास राहतो. एक हजार रचनांचा संग्रह एखाद्या छोट्या चित्रफितीपेक्षा मोठा होत नाही. त्यामुळे केवळ पियानोसाठी मोठ्या क्षमतेची महाग पेटी विकत घेणे अनाठायी आहे. घरातील छायाचित्रे व चित्रपटांसाठी ती असेल, तर तिच्या कोपऱ्यात पियानोचे संगीत सहज राहते.

खरा प्रश्न फाइलच्या प्रकाराचा. स्टँडर्ड मिडी फाइलचे शून्य, एक आणि दोन असे तीन प्रकार आहेत. शून्य प्रकारात सर्व सूचना एकाच पट्ट्यात असतात, एक प्रकारात त्या अनेक पट्ट्यांत विभागलेल्या असतात. जुनी वाद्ये अनेकदा फक्त शून्य प्रकार वाचतात; दुसऱ्या प्रकारची फाइल यादीत दिसते, पण वाजत नाही. शिवाय पियानो ठरावीक वाहिनीवरील सूचनाच पाळतो. वाद्यवृंदासाठी बनवलेल्या सोळा वाहिन्यांच्या फाइलमध्ये पियानोचा भाग पाचव्या किंवा नवव्या वाहिनीवर असेल, तर पट्ट्या स्तब्ध राहतात किंवा भलत्याच वाद्याचा भाग पियानोवर वाजू लागतो. मिडी संपादनाचा साधा प्रोग्राम हे दोन्ही दोष दूर करतो.

येथे एक सावधगिरी हवी. साध्या मिडीत स्वराच्या जोराच्या १२७ पायऱ्या असतात. वरच्या दर्जाच्या वाद्यांमध्ये त्याहून सूक्ष्म नोंद होते. स्पिरिओमध्ये हातोडीच्या वेगाच्या १,०२० पायऱ्या असल्याचे स्टाइनवे सांगते. अशी फाइल सर्वसाधारण प्रोग्राममध्ये उघडून पुन्हा जतन केली की ही जादा माहिती गळून पडू शकते. मूळ फाइल न उघडता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि फेरफार फक्त प्रतीवर करावेत.

सीडींची गोष्ट याहून नाजूक आहे. प्लेअर पियानोसाठी विकल्या गेलेल्या अनेक सीडींवर एका बाजूच्या आवाजवाहिनीत साथसंगीत आणि दुसऱ्या बाजूच्या वाहिनीत पियानोच्या सूचना ध्वनीच्या रूपात भरलेल्या असतात. साध्या यंत्रावर ती बाजू लावली तर मोडेमसारखी करकर ऐकू येते. नेहमीच्या सवयीने अशी सीडी एमपी३ मध्ये उतरवली, तर कानाला न जाणवणारे तपशील गाळण्याच्या प्रक्रियेत नेमक्या या सूचनाच बिघडू शकतात. या सीडी वेव्ह किंवा फ्लॅक अशा, काहीही न गाळणाऱ्या स्वरूपातच उतरवाव्यात.

पियानोपर्यंत पोहोचण्याचे मार्ग

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे पियानोने साठ्यातील शेअर केलेला फोल्डर स्वतः उघडणे. हे सर्व वाद्यांना जमत नाही. नेटवर्कची तार लावण्याची जागा आहे एवढ्यावरून ते गृहीत धरू नये. अनेक वाद्यांत ती जागा केवळ कंपनीच्या इंटरनेट सेवेसाठी, अद्ययावत प्रणाली उतरवण्यासाठी किंवा टॅबलेटवरून नियंत्रणासाठी असते. खरेदीपूर्वी विक्रेत्याला विचारायचा प्रश्न ‘नेटवर्कला जोडता येतो का’ हा नसून ‘घरच्या शेअर केलेल्या फोल्डरमधील मिडी फाइल थेट वाजवता येते का’ हा आहे.

जेथे ही सोय आहे, तेथे राउटरमध्ये साठवणपेटीचा पत्ता कायमचा राखून ठेवावा. अन्यथा वीज जाऊन आली की पेटीला नवा पत्ता मिळू शकतो आणि पियानो जुन्याच पत्त्यावर शोधत राहतो. पियानोसाठी वेगळे वापरकर्ता नाव करावे व त्याला फक्त वाचण्याची परवानगी द्यावी. संग्रह चुकून पुसला जाण्याचा धोका त्याने टळतो.

एवढे करूनही पियानो फोल्डर उघडत नसेल, तर कारण बहुधा २०१७ सालात सापडते. त्या वर्षीच्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातील संगणक कुलूपबंद केले. फाइल शेअर करण्याच्या एसएमबी या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीतील दोषातून तो पसरला होता. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षाच्या उत्तरार्धापासून विंडोजच्या नव्या मांडणीत ही आवृत्ती आपोआप बसवणे बंद केले. बहुतेक साठवणपेट्या ज्यावर चालतात त्या ‘सांबा’ प्रणालीनेही २०१९ मध्ये ती मुळातच बंद ठेवण्यास सुरुवात केली. त्यापूर्वी घडवलेल्या वाद्याला कित्येकदा केवळ हीच जुनी भाषा येते. पेटी अद्ययावत केली आणि पियानो मुका झाला, या तक्रारीमागे हेच कारण असू शकते. पियानो बिघडलेला नसतो, पेटीही नसते.

पेटीतील जुनी आवृत्ती पुन्हा सुरू करणे हा उपाय सोपा आहे, पण शहाणपणाचा नाही. घरातील छायाचित्रे आणि कागदपत्रे त्याच पेटीत असतात. त्याऐवजी रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक मध्ये ठेवावा. तो नव्या पद्धतीने पेटीतून संग्रह घेतो आणि मिडीच्या तारेने किंवा यूएसबीने पियानोला वाजवतो. याच मार्गाने अगदी १९८०-९० च्या दशकांतील, नेटवर्कचे नावही न ऐकलेला पियानोसुद्धा घरच्या साठ्याशी जोडता येतो, कारण मिडीची पाच खिळ्यांची गोल खोबण त्यावर असते.

डीएलएनए नावाच्या मीडिया सर्व्हरबाबत मात्र बराच वेळ वाया जातो. बहुतेक पेट्यांत ही सेवा तयार असते आणि दूरचित्रवाणी संच किंवा स्पीकर तिच्यामार्फत गाणी शोधतात. ती ध्वनी, छायाचित्रे आणि चित्रफिती यांचीच यादी करते. मिडी फाइल तिच्या लेखी संगीतच नाही. फोल्डर भरलेला असूनही यादी रिकामी दिसते ती त्यामुळे.

टॅबलेट अथवा संगणकावरून वायफायने मिडीच्या सूचना थेट पाठवण्याचाही पर्याय आहे. फाइल आधी पूर्ण उतरवून मग वाजवणाऱ्या वाद्याला वायफायचा क्षणिक खंड जाणवत नाही. सूचना क्षणोक्षणी पाठवल्या जात असतील, तर हरवलेली एक सूचनाही कानाला लागते: स्वर थांबवण्याचा निरोप पोहोचला नाही की पट्टी दाबलेलीच राहते. नेटवर्कवरील मिडीसाठी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तांत्रिक नियमावलीत हरवलेल्या सूचना मागाहून भरून काढण्याची तरतूद आहे. तरीही तार ओढता येत असेल तर वायफायच्या भानगडीत पडू नये. कोकण-गोव्यातील जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या घरांत तर तारच बरी.

साथसंगीताची फाइल पियानोबरोबर वाजवायची असेल, तर विलंबाचा हिशेब ठेवावा लागतो. हळू स्वराची हातोडी तारेपर्यंत पोहोचायला जोरकस स्वरापेक्षा अधिक वेळ घेते. हा फरक लपवण्यासाठी डिस्क्लाव्हिअर बाहेरून आलेली प्रत्येक सूचना सुमारे अर्धा सेकंद राखून मग वाजवतो. साथ वेगळ्या स्पीकरवर लावली तर तीही तेवढीच मागे सारावी लागते. सारी रचना पियानोच्याच यंत्रणेतून वाजत असेल, तर हा मेळ वाद्य स्वतः साधते.

नावे, फ्लॉपी आणि पावसाळा

साठ्यात फाइलची नावे मराठीत ठेवण्याचा मोह होणे साहजिक आहे. जुन्या वाद्यांच्या पडद्याला देवनागरी उमटवता येत नाही. नावाच्या जागी चौकोन दिसतात, क्वचित फाइलच दिसेनाशी होते. वाद्याला दिसणारे नाव रोमन अक्षरांत, आखूड आणि आरंभी क्रमांक घातलेले असावे. सविस्तर मराठी यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवता येते. यूएसबी पेनड्राइव्ह वापरायचा असेल तर तो फॅट३२ पद्धतीने तयार करावा, कारण नव्या पद्धती जुन्या वाद्यांना वाचता येत नाहीत.

ज्यांच्याकडे फ्लॉपींचा ढीग आहे, त्यांनी जोडणीचा विचार बाजूला ठेवून आधी त्या उतरवून घ्याव्यात. चुंबकीय थर दमटपणात बुरशी धरतो. सुरुवातीच्या फ्लॉपींवरील फाइल अनेकदा यामाहाच्या स्वतःच्या ई-सीक्वेन्स स्वरूपात असतात. त्या मिडीत बदलून देणारे प्रोग्राम उपलब्ध आहेत. फ्लॉपीच्या खाचेत बसणारे आणि पेनड्राइव्ह वाचणारे ‘गोटेक’सारखे सुटे भागही मिळतात, म्हणजे पियानोला आपण फ्लॉपीच वाचतो आहोत असे वाटत राहते.

जपान किंवा अमेरिकेतून वापरलेला पियानो आणणाऱ्यांनी विजेचा दाब पाहिल्याखेरीज प्लग लावू नये. तेथील वाद्ये १०० किंवा १२० व्होल्टची असतात आणि आपल्याकडील वीज २३० व्होल्टची. पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर नसेल तर लाकडी वाद्य सुखरूप राहते आणि नियंत्रक जळतो. साठवणपेटीला यूपीएस जोडणेही आपल्याकडे चैनीत मोडत नाही. लिहिणे चालू असताना वीज गेली तर डिस्कवरील नोंदींची मोडतोड होते.

किनारपट्टीवर पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. लाकूड फुगते, पट्ट्या जड होतात आणि मंद स्वर गळू लागतात, कारण हळुवार वाजवण्यासाठी सोलेनॉइडला दिलेला नेमका जोर त्या पट्टीला अपुरा पडतो. मालकाला मात्र नेटवर्कमधून सूचनाच येत नाहीत असे वाटते. खात्री करण्याची रीत साधी आहे: तीच फाइल पेनड्राइव्हवरून वाजवून पाहावी. तरीही स्वर गळत असतील तर नेटवर्क तज्ज्ञाऐवजी पियानो दुरुस्त करणाऱ्यास बोलवावे.

या वाद्याची मर्यादाही माहीत असलेली बरी. मिडीत स्वर खेचण्याची सूचना आहे, पण ताणून बसवलेली पोलादी तार ती पाळू शकत नाही. मींड, आंदोलित गांधार किंवा श्रुतींचे सूक्ष्म अंतर प्लेअर पियानोतून निघत नाही. संवादिनीबद्दलचा जुना आक्षेप येथे अधिकच लागू पडतो. नाट्यसंगीताच्या किंवा रागसंगीताच्या मिडी फाइल वाजतील त्या स्वरांच्या आराखड्यासारख्या.

जे पुन्हा मिळत नाही

पियानो नीट राखला तर दोन-तीन पिढ्या टिकतो. त्याच्या पोटातील संगणक पंधरा-वीस वर्षांत जुना होतो, सुटे भाग मिळेनासे होतात, कंपनी अॅप बंद करते. विकत घेतलेले संगीत कदाचित पुन्हा विकत घेता येईल. घरातील व्यक्तीने त्या पियानोवर वाजवून नोंदवलेले वादन कोणत्याही दुकानात मिळणार नाही. बोटांचा जोर, अडखळणे, पायपट्टीची सवय असे सारे त्या काही किलोबाइटांत असते, आणि बहुतेक घरांत ते फक्त पियानोच्या अंतर्गत स्मृतीत पडून असते. नियंत्रक बदलायला नेला की तेही जाते. घरच्या साठ्याशी जोडणी करण्याचे सर्वांत सबळ कारण नवे संगीत आत आणणे हे नसून हे वादन बाहेर काढणे हेच म्हणावे लागेल.

काढताना ते स्टँडर्ड मिडी फाइलच्या रूपात काढावे आणि वाद्याचे स्वतःचे स्वरूप असेल तर त्याचीही प्रत ठेवावी. पेटीत दोन डिस्क असणे म्हणजे सुरक्षित प्रत असणे नव्हे: चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी पुसली जाते. एक प्रत घराबाहेर हवी. पेटी इंटरनेटवर उघडी ठेवू नये. २०२१ मध्ये ‘क्लॉकर’ आणि २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर प्रोग्रामांनी नेमक्या अशा घरगुती पेट्यांना लक्ष्य केले होते.

खुल्या स्वरूपाचे मोल जुन्या गुंडाळ्यांनी दाखवून दिले आहे. सर्गेई राखमानिनोव यांनी अॅम्पिको पद्धतीच्या गुंडाळ्यांवर केलेले वादन अभियंता वेन स्टान्के यांनी संगणकीय सूचनांत बदलले आणि बोझेनडॉर्फरच्या प्लेअर पियानोवर ते वाजवून १९९८ मध्ये ध्वनिमुद्रिका निघाली; संगीतकाराच्या मृत्यूला तेव्हा ५५ वर्षे झाली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील संग्राहक डेनिस कॉन्डन यांच्या सुमारे साडेसात हजार गुंडाळ्या मिळवल्या आणि त्या स्कॅन करून मिडी फाइल तयार करण्याचे काम हाती घेतले.

हक्कांचा प्रश्न या वाद्याइतकाच जुना आहे. गुंडाळी ही रचनेची ‘प्रत’ नव्हे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये दिला आणि पुढच्याच वर्षी तेथील कायदा बदलून संगीतकारांना यांत्रिक वादनाचा मोबदला मिळू लागला. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचनेवरील हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. शोपां किंवा डेब्युसी यांच्या रचना त्यामुळे मोकळ्या आहेत. त्यांच्या नव्या ध्वनिमुद्रणांवर मात्र वेगळे हक्क असू शकतात. खासगी वापरासाठीच्या रास्त वापराला कायद्यात स्थान आहे. त्याचबरोबर २०१२ च्या दुरुस्तीने हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे गुन्हा ठरवले. विकत घेतलेल्या फाइल एखाद्या वाद्याला किंवा खात्याला बांधलेल्या असतील, तर त्या घरच्या साठ्यात हलवता येतात की नाही, हे पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी घेतलेले चांगले.